काकूंचा उपवास आणि आमची शेवंती

आमच्या शेवंतीचा मधला भाग तपकिरी, कडा पांढऱ्या. अख्ख्या गल्लीत असली शेवंती दुसऱ्या कुणाकडं नाही. आईनं माहेराहून, जयसिंगपूरच्या बाजूनं, मुळाकडचा एक फुटवा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. श्रावणात शेंडे खुडायचे, म्हणजे झाड पसरतं. पेंडेचं आंबवलेलं पाणी घालायचं. थंडीत पानांवर मावा येतो, तो आई ओल्या बोटांनी पुसून काढते. एवढा खटाटोप कशासाठी, तर मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला विहारात बुद्धमूर्तीपुढं घरची फुलं न्यायची. तेवढीच तिची हौस.

शेजारच्या काकू राहायला आल्या तेव्हा आईनं त्यांना चहाला बोलावलं. हॉलमधली बुद्धमूर्ती बघितली आणि म्हणाल्या, "आज उपवास आहे माझा." बरं! पुढं सोमवारी उपवास, गुरुवारी उपवास, बुधवारीसुद्धा उपवास. आमच्याकडं पाण्याचा घोट घेतील तर शपथ. मी चिडायचे. आई म्हणायची, "असंल की. सोड." तिच्या लहानपणी भांड्याला हात लागू नये म्हणून लोकांनी तिला वरनं पाणी ओतलेलं, ओंजळीत. त्यामानानं हे काहीच नाही, असं तिला वाटायचं. मला नाही वाटायचं.

आणि गेल्या थंडीत फुलं गायब व्हायला लागली. नुसते देठ उभे. आई म्हणाली, उंदीर असतील. उंदीर कसले! पहाटे दार उघडलं तर काकूंच्या बाजूच्या भिंतीवरनं एक हात आत आलेला, बांगड्यांसकट. आमचं पाणी चालत नाही, आणि त्याच पाण्यावर वाढलेली फुलं ह्यांच्या देवाला चालतात!

तिथंच झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. पण गप्प बसले. सूडाचं शेवंतीसारखंच आहे, घाई करून फुलत नाही.

त्याच पौर्णिमेला दत्तजयंती. काकूंकडं सगळी गल्ली जमते. त्या पहाटे मी काकूंच्या आधी उठून सगळी फुलं काढली. त्यातली अर्धी फुलं आई विहारात घेऊन गेली. उरलेली परडीत घालून संध्याकाळी मी काकूंच्या दारात उभी राहिले.

"ठेव तिथं पायरीवर," काकू हळूच म्हणाल्या.

"पायरीवर कशाला?" मी आवाज चढवला. "रोज पहाटे भिंतीवरनं हात घालून न्हेताय, तवा कुठं पायरी आडवी आली व्हती?"

सगळ्या बायकांनी देवाकडं बघितलं. फोटोला कालचा हार होता, तपकिरी-पांढरा. काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मी सरळ आत जाऊन सतरंजीवर बसले. "पाणी द्या की काकू. माझा उपवास न्हाय."

गल्लीसमोर करतात काय? स्टीलच्या पेल्यात पाणी आलं. मी घोट घोट करून प्यायले. मग उठून रिकामा पेला त्यांच्या स्वयंपाकघरात नेला आणि त्यांच्याच भांड्यांत ठेवून आले.

घरी आले तर आई विहारातनं परतली होती. मला वाटलं, सगळं ऐकून रागावणार. पण मी सांगून संपवल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पेल्यातनं दिलं पानी?"

"पेल्यातनंच."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "पुढल्या साली आनि चार कुंड्या करू. त्या भित्तीलाच लावायच्या. बघू, कोन हात घालतंय."