गाळ्यांचा ठराव

“आधी वाचीन, मग सही,” हे आक्काबाईचं कायमचं बोलणं. खताची पावती असली तरी ती अक्षरन् अक्षर वाचायची, दुकानदार ताटकळला तर ताटकळू दे. सातवी शिकलेली बाई. पण ती सातवी तिनं कधी गंजू दिली नाही.

श्रीगोंद्याकडच्या तिच्या गावात सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि आक्काबाई निवडून आली. ग्रामपंचायतीच्या फलकावर नाव तिचं, त्याखाली मोबाईल नंबर नवऱ्याचा. गाव अंगदलाच सरपंच म्हणायचं आणि अंगद ओ द्यायचा. खुर्चीतही तोच. सभा आटोपली की शिपाई कानिफनाथ ठरावांची वही घेऊन थेट तिच्या चुलीपाशी यायचा.

त्या सकाळी ती भाकरी थापत होती.

“वैनी, एवढी सही. ग्रामसेवक खोळंबलेत.”

“खोळंबू दे.”

तिनं हात धुतले, पदराला पुसले, वही मांडीवर घेतली. शाळेशेजारची जागा दुकानांच्या गाळ्यांना द्यायचा ठराव होता. तीच जागा अंगणवाडीला देईन, असा शब्द तिनं गावातल्या बायकांना दिला होता. लेकरं अजून देवळाच्या ओट्यावर बसत होती. खाली लिहिलं होतं : सभेच्या अध्यक्षस्थानी सरपंच आक्काबाई; त्यांनी गाळ्यांचे महत्त्व पटवून दिले.

आक्काबाई हसली. “बरीच बोलले की मी! अन् त्या वक्ताला रानात कांदं उपटत हुते.”

अंगद दारात आला. “अगं, सगळीकडं असंच चालतं. मी शब्द दिलाय लोकांना.”

“मीबी दिलाय. अन् मतं माझ्या नावाला पडलीत.”

“माझी काय इज्जत ऱ्हाईल गावात?”

“अन् माझी? ती कधी इचारलीत तुमी?”

तव्यावरून करपल्याचा वास आला.

“तेवढी भाकरी उलथा,” ती म्हणाली आणि उठली. “कानिफनाथ, बायकांना सांगावा दे. आज सभा मी घेनार, पंचायतीत, माझ्या खुर्चीत बसून. ह्यो ठराव माझ्या सहीनं जायचा न्हाई.”

“वैनी, वही तरी...”

“वही माझ्यासंगं येईल.”

वही काखेत मारून ती भर रस्त्यानं पंचायतीकडं निघाली. नळावरच्या बायकांनी हंडे भरून वाहत सोडले आणि तिच्याकडं बघत राहिल्या. दारात अंगदही बघत होता, हातात उलथनं धरून.