नापास बियाण्याचा दोडका

भविष्याचा पडदा सारून पलीकडे पाहणारा एकच पुरुष जालना जिल्ह्यात झाला, आणि तो माझा साडू. पलीकडचं त्यांना बहुतेक वेळा चुकीचं दिसलं, ही गोष्ट वेगळी.

टेंभुर्णीत त्यांचं बियाण्यांचं दुकान. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून मोड मोजायचे आणि शंभरात सत्तर उगवले नाहीत तर अख्खी थैली नापास करायची, हा त्यांचा धर्म. तो त्यांनी माणसांनाही लावला. मुलीला पाहायला आलेल्या प्रत्येक पोराला ते दोन तास चहाविना बसवत. "तापायचं तर आत्ताच तापू द्या." जो तापला नाही तो जावई झाला. तो अजूनही शांत बसतो, कामाच्या वेळीसुद्धा.

मग साडूंच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी समजावली. हे औषध गाठीला स्वतः मारत नाही, शरीराच्याच पेशींना तिच्याशी लढायला मोकळं करतं. पण सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून आधी गाठीचा तुकडा तपासून त्यात एक खूण शोधायची. साडूंचा चेहरा उजळला. आजाराचं दुःख चाचणीच्या आनंदात बुडालं. "म्हंजे उगवणच काढून राह्यले की तुम्ही!"

खूण निघाली शंभरातल्या पाच पेशींवर, म्हणजे पाच टक्के. साडूंनी टोपी घातली. "सत्तरच्या खाली आपण हात लावत न्हाई. चला घरी."

"काका, आकडा कमी असूनही काहींना गुण येतो," डॉक्टर म्हणाले. "आणि जास्त असूनही काहींना येत नाही."

"मंग तपासता कशाला?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि आणखी एक चाचणी लिहून दिली.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या अक्का, म्हणजे साडूंची बायको आणि माझी थोरली मेहुणी, बोलल्या. "तुमचं नापास बी मी जन्मभर परसात फेकत आले. तिथं काय उगवलं ते पाह्यला आल्ते का कधी? परवा दोनदा मागून खाल्ला तो दोडका नापासच होता."

साडू बराच वेळ तो दोडका आठवत राहिले. मग टोपी काढून म्हणाले, "लावा सलाईन."

काही महिन्यांनी गाठ निम्म्याहून लहान झाली. डॉक्टर हसले, अक्का रडल्या. साडू मात्र नाराज. "मंग तो आकडा बराबर नव्हता की काय?"

परवा गेलो तेव्हा ते परसात वेलासमोर खुर्ची टाकून बसले होते. सदरा फार सैल झालाय. पुढं काय, हे डॉक्टरांना सांगता येत नाही, आणि साडूंनी जन्मात पहिल्यांदाच विचारलेलं नाही. दुकानातलं गोणपाट मात्र ओलंच होतं.

निघताना अक्कांनी पिशवीभर दोडके दिले. घरी आल्यावर त्यातले दोन कडू निघाले.