वळणावरचा केक

शहरातल्या नदीवर पाहुण्यांना फिरवत फिरवत जेवू घालणारी एक बोट होती. वर काचेच्या खिडक्या, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, काठावरच्या दिव्यांची शोभा. खाली भटारखाना, त्याला खिडकीच नाही. तिथला आचारी म्हणजे सगळ्यांचा मामा. खरा मामा तो एकाच मुलीचा, पण तिने लहानपणी 'मामा, मामा' करत साऱ्या बोटीवर इतका धुडगूस घातला की वाढपीसुद्धा त्याला मामाच म्हणायला लागले.

मामाला नदी कळायची ती भांड्यांवरून. जुन्या गिरणीपाशी बोट वळली की खुंटीवरचे झारे नि पळ्या एका अंगाला झुकून खणखणायच्या. खणखणाट झाला की भट्टीतला केक बाहेर काढायचा, हा त्याचा नेम. भिंतीवरच्या घड्याळाने वाफेपुढे केव्हाच मान टाकली होती आणि त्यावाचून मामाचं काही अडत नव्हतं.

बोट चालवायचे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. एकदा भर पाहुण्यांत ते म्हणाले, "आज सुपात नदीच ओतलीस की काय रे?" सगळे खो खो हसले. मामाने ते मनाला लावून घेतलं आणि अबोला धरला. दाजीही काही कमी नव्हते, त्यांनीही तोंडाला कुलूप लावलं. तेव्हापासून एक वर, एक खाली, आणि निरोप वाढप्याच्या तोंडून. एवढे घोडे झाले, पण अक्कल आली नाही!

अशात भाचीला लांबच्या शहरात नोकरी लागली. जायच्या आदल्या संध्याकाळी तिने बोटीवरच जेवण ठरवलं. भटारखान्यात येऊन ती म्हणाली, "उद्या मी चालले, मामा. तुम्ही दोघं असे तोंड फिरवून बसलात तर तिकडे माझं लक्ष लागेल का?"

"तुझ्या बाबांना आधी बोलू दे."

"तेही हेच म्हणतात!" तिचे डोळे भरून आले.

मामाचा ताठा काही सुटेना. तिच्या आवडीचा केक मात्र त्याने जीव ओतून केला, भट्टीत ठेवला आणि खणखणाटाची वाट बघत उभा राहिला.

झारे हलेनात. बोट आज रमतगमत चालली असेल, असं समजून तो थांबला. शेवटी भट्टीतून धूर आला. केक वरून पार कोळसा! मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तापलेला साचा फडक्यात धरून तो तरातरा जिना चढला, तो तडक सुकाणूपाशी.

"दाजी! गिरणीचं वळण गेलं कुठे?"

दाजी दचकले. "केव्हाच मागे पडलं. पोरगी जेवायला बसलीय, तिच्या ताटातलं सांडायला नको म्हणून अलगद घेतलं."

"अहो, मग मला कळवायचं!"

"कसं कळवू? बोलतोस का माझ्याशी?"

"मग आता काय भिंतीशी बोलतोय?"

दाजींची नजर साच्यातल्या करपलेल्या केकवर गेली. मामाने कमरेला खोचलेल्या चमच्याने करपलेला थर बाजूला सारला. आतला केक मऊ होता. दाजींचे दोन्ही हात सुकाणूवर, म्हणून त्याने एका घासावर फुंकर घालून तो त्यांच्या तोंडाशी धरला. दाजींनी मुकाट्याने तोंड उघडलं.

मागे दारात भाची येऊन उभी होती, आणि तिला हुंदका आवरेना.

"अगं वेडे, रडतेस काय?" दोघे एकदमच म्हणाले.