पत्रिकेच्या पाठीवर

आमच्या गोंदियातल्या दुकानात लग्नपत्रिका छापायचो. व्हायरसला कंटाळून मी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि डोकेदुखी विकत घेतली. आज आवाज गेला, उद्या मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. शिकवणारं कोणी नव्हतं. म्हणून एकेक दुखणं बरं झालं, की उपाय लगेच चुकलेल्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहायचो, वर स्वतःला एक शिवी घालायचो आणि पत्रिका खिळ्याला टोचायचो. वहीत लिहिलेलं मला जन्मात कधी सापडलं नाही.

ऐन लग्नसराईत प्रिंटर अडून बसला. समोर मुलीचे वडील, बाहेर त्यांची जीप. त्यांना त्याच दुपारी गावोगावी पत्रिका वाटायला निघायचं होतं. हा रोग मी आधी बरा केला होता, म्हणून खिळा धुंडाळला. नेमकी तीच पत्रिका गायब.

"ते होय? परवा एका गठ्ठ्यात एक कमी पडून राहिली होती, मंग देऊन टाकली," बाबा शांतपणे म्हणाले. "समोरून तं चांगलीच होती."

माझं डोकंच फिरलं. तिच्यावर लग्नाची तारीख छापायचीच राहिली होती, म्हणून तर ती खिळ्यावर गेली होती! बाबांवर ओरडलो आणि मग रडकुंडीला आलो.

तेवढ्यात फोन वाजला. पत्रिकेच्या तळाशी दुकानाचा नंबर असतोच. कोहमाऱ्याचा एक ढाबेवाला तणतणत होता.

"काऊन रे भाऊ, कवापासून वाचून राहिलो, लग्न कवा हाय ते लिहिलंच नाही. अन् मागं हे काय खरडलंस?"

त्याला फोनमधून ओढून मिठी मारावी, असं मला झालं. "काका, मागचं वाचा ना जरा."

"पयले तारीख सांग."

जुन्या ऑर्डरचा कागद काढून तारीख सांगितली, तेव्हा कुठे गडी वाचायला लागला. "गाढवा, केबल ओढू नको, प्रिंटर फक्त थांबला आहे. मंग इंग्रजीत सी, यू, पी, एस..." तो एकेक अक्षर सांगत गेला, मी टाइप करत गेलो. एंटर दाबलं आणि प्रिंटरनं कागद ओढला. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

पहिली पत्रिका मुलीच्या वडिलांच्या हातात दिली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आधी तारखेवर बोट ठेवलं, मग पत्रिका उलटी करून पाहिली. गठ्ठा तयार झाल्यावरही जीप बराच वेळ दारातच उभी होती. ते एकेक पत्रिका उलटून पाहत बसले होते.