पोलिसाला दारात 'नाही' म्हणायचं होतं

गेल्या शनिवारी मी एका पोलिसाला दारातून परत पाठवायला गेले होते. पगार शून्य, लंच फ्री...

इथे अमेरिकेत, शॉमबर्ग गावाच्या थोडं पुढे एक कम्युनिटी कॉलेज आहे. जेलमध्ये गार्ड म्हणून काम केलेल्यांना पोलीस व्हायचं असेल तर तिथे एक कोर्स करावा लागतो. त्याच्या परीक्षेला खोटे नागरिक लागतात... गाडी ठोकलेले, रस्त्यात भांडणारे, दार उघडणारे.

आमच्या शेजारच्या मेधाचा मुलगा अनिकेत या कोर्सला होता. त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर व्हॉलंटिअर पाहिजेत म्हणून मेसेज टाकला. त्याला सगळ्यांनी भरभरून लाइक दिले आणि गेले मी एकटी. गणपतीच्या नाटकात दरवर्षी खाष्ट सासू मीच असते, तेवढा अनुभव पुरेल असं वाटलं.

अनिकेत काही वर्षं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमध्ये गार्डची नोकरी करतोय. मेधा मात्र विचारणाऱ्याला "तो काउंटीत असतो" एवढंच सांगते, जेल हा शब्द काही तोंडातून निघत नाही. आता एका गावाच्या पोलिसांत त्याची जागा ठरली होती. हा कोर्स पास झाला तरच ती त्याची, नाहीतर पुढच्या माणसाची... आणि हा परत जेलमध्ये. म्हणजे ड्युटीला.

शिकवायला डॉना नावाच्या रिटायर्ड पोलीस बाई होत्या. जेलमधून आलेल्यांना बाकी सगळं येतं, असं त्यांचं म्हणणं. शिव्या शांतपणे ऐकतात, चिडलेल्या माणसाला बोलण्यात गुंतवतात... अडतं ते फक्त दाराशी. कोठडीत शिरताना त्यांना कधी कोणाला विचारावं लागलेलं नसतं. बाहेर मात्र घर ज्याचं त्याची परवानगी लागते, नाहीतर कोर्टाचं वॉरंट, नाहीतर आत कोणाच्या तरी जिवावर बेतलेलं असावं लागतं.

कॉलेजच्या जिममध्ये प्लायवूडचं एक घर उभं केलं होतं. आत एक सोफा आणि मोठ्याने लावलेला टीव्ही. शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली आहे, पोलीस येणार, मी दार उघडायचं आणि त्याला आत घ्यायचं नाही... एवढाच माझा रोल.

सकाळी प्रॅक्टिस होती. अनिकेतने टकटक केली, मी दार उघडलं आणि माझं वाक्य सुरू व्हायच्या आत तो सोफ्यापाशी पोचलेला! मीही निमूट बाजूला झाले होते. डॉनाबाईंनी शिटी मारली आणि विचारलं, "Whose house is it?" बिचाऱ्याचे कान लाल झाले.

लंचला तो माझ्याशेजारी येऊन बसला. मेधाने दिलेले मेथीचे ठेपले तसेच डब्यात. "काकू, डोक्यात सगळं क्लिअर आहे यार," तो म्हणाला, "but my feet just go." मी म्हटलं, ठेपला खा.

दुपारी खरी परीक्षा. टकटक झाली, मी दार उघडलं. अनिकेत चौकटीपासून एक पाऊल मागे उभा, कपाळावर घाम, आवाज जरा ओढलेला. आणि सकाळपासून घोकलेलं "नो" बाजूला राहून माझ्या तोंडून निघालं, "अरे ये ना आत... come in, come in!"

दारात आलेल्या माणसाला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायची सवय मला नाही, हे मी आधी कोणाला सांगितलं नव्हतं. मुळात मलाच माहीत नव्हतं. मंडळाच्या नाटकात प्रॉम्प्टर असतो, इथे कोणी नव्हतं. परीक्षा होती दाराबाहेर थांबण्याची... आता हा आत आला की मेधाच्या पोराची नोकरी मी माझ्या हाताने घालवलेली.

अनिकेतचा एक पाय उचललाही गेला होता. तो त्याने परत होता तिथे ठेवला.

"Ma'am," तो मला अगदी अनोळखी बाईसारखं म्हणाला, "मला आत घ्यायलाच पाहिजे असं नाही. You can say no. आपण इथेच बोलू शकतो." इंग्रजीतली परीक्षा, आणि अर्धं वाक्य मराठीत. मी दिलेली हाक मराठीत होती, त्याला तो तरी काय करणार.

मग मात्र मी म्हटलं, "No. इथेच बोलू." आवाज माझाच होता, पण मी तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा ऐकत होते. टीव्ही बारीक केला, तो थँक्यू म्हणून निघून गेला. डॉनाबाईंनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं... झालं, पास.

काल रविवार. आमच्या गराजचं दार उघडंच होतं. अनिकेत लहानपणापासून तिथूनच घुसतो, आधी फ्रिज उघडतो आणि मग हाय म्हणतो. काल समोरची बेल वाजली. पायपुसण्याच्या पलीकडे तो उभा, हातात पेढ्यांचा बॉक्स. "May I come in, काकू?"

मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. बघितलं जरा... गेला नाही, आलाही नाही, हसत तिथेच उभा राहिला. मग म्हटलं, "नाटकं पुरे झाली, ये आत."

मागून मेधा आली. पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "जेलमधून सुटला गं एकदाचा." तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

एवढी वर्षं या देशात आहे. व्हिसाच्या दिवसांत रस्त्यात पोलिसांची गाडी मागे दिसली तरी माझे हात स्टिअरिंगवर गार पडायचे. दारात आलेल्या पोलिसाला 'नाही' म्हणता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं... सांगितलं ते दारात आलेल्या पोलिसानेच. थँक्यू, अनिकेत.