गप्प बसणारा पेसमेकर

बुधवार पेठेत कुमुदताईंचं बटणांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना फटकारायचं काम त्यांचं. यजमान भास्करराव कोपऱ्यात स्टुलावर गप्प बसत; बाई एखादा भाव विसरल्या, तरच हळूच सांगत. "हे म्हणजे दुकानातलं फर्निचर," असं त्या म्हणायच्या.

एकदा त्या गल्ल्यापाशीच चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी समजावलं, "हृदय स्वतःच वीज तयार करतं. वरच्या कोपऱ्यातून इशारा निघतो, खाली पसरतो आणि ठोका पडतो. तुमचा इशारा मधेच चुकतो. पेसमेकर बसवू. एरवी तो गप्प राहील, ठोका चुकला तरच इशारा देईल."

"म्हणजे नुसता बसून राहणार?"

"हो, पण लक्ष सतत तुमच्याकडे."

कुमुदताईंनी दाराकडे पाहिलं. भास्करराव थर्मास धरून स्टुलावर बसले होते.

"बसवा," त्या म्हणाल्या. "पहिला इतकी वर्षं बिनतक्रार चाललाय."