लातूरची खीर

बायको मेल्यापासून आमच्या घरात अक्कल म्हणून उरलेली नाही.

परवा अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. माझी पारू माझ्या आधी गेली (घाई कसलीच नव्हती, पण माझं ऐकलंय कधी?). सुनेनं पुरणपोळ्या केल्या आणि कंपनीची बस गाठता गाठता म्हणाली, "मामा, सवाष्ण तुमी बगा. वरची भाडेकरीण घरीच हाय."

"ती बंगालीण? मुसलमानाच्या बाईला पारूचं ताट?"

"कोण म्हनलं मुसलमान?"

"नाना म्हनला!"

नाना म्हणजे आमच्या पारावरचा पंडित. बंगाली म्हणजे मुसलमान, मद्रासी म्हणजे ख्रिश्चन, मराठी बोलला की हिंदू, एवढं त्याचं ज्ञान. गडी आळंदीच्या पलीकडं गेलेला नाही, आणि मी त्याचा पट्टशिष्य!

बसनं भोंगा दिला, सून कपाळ बडवत पळाली. गल्लीतल्या साऱ्या बाया शिफ्टला. (कंपन्या आल्यापासून आमच्या निघोज्यात सवाष्णीपेक्षा क्रेन लवकर मिळते!) ऊन माथ्यावर, पोळ्या वाळत चाललेल्या, पारू उपाशी. शेवटी शेजारची लातूरवाली सापडली. शिवणकाम करणारी, पारूची मैत्रीण, हातभर हिरव्या बांगड्या, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. सगळी गल्ली तिला लातूरवालीच म्हणते. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

"काकीच्या नावानं जेवते की, काका. पण मी..."

"पण-बिण काय न्हाई! बस!"

पोटभर जेवली. मी कुंकवाची कुयरी पुढं केली.

"कुंकू ऱ्हाऊ द्या. आमच्यात लावत न्हाईत."

"लातूरला लावत न्हाईत?"

"लातूरला लावतात की! आमी मुसलमान हाव."

कुयरी माझ्या हातातच राहिली. "मंग ती वरची?"

"ती हिंदू. भांगात एवढा शेंदूर भरती, दिसला न्हाई? बंगाली हे मुलखाचं नाव, काका. धर्माचं न्हाई."

"आन् पारूचं ताट? ते पोचलं का न्हाई?"

"पोचलं बगा. दर ईदला काकी माझ्याकडं शीरखुर्मा खायची. तुमच्यासाठी डबा न्यायची."

तो डबा! पारू म्हणायची, "लातूरची खीर हाय." मी वाटी चाटूनपुसून नानाला सांगायचो, "लातूरच्या म्हशीच निराळ्या, राव!" नाना मान डोलवायचा. (अर्धी वाटी त्यालाही जायची.) पारू पदर तोंडाला लावून, खांदे हलवत आत पळायची.

आणि मी मुकाट्यानं तिला खोकल्याचं औषध आणून द्यायचो!